हाडावर थांबलेली बांगडी

बांगडी भरताना हाडावर थांबायचं नसतं. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड असतं, तिथे काचेची बांगडी हमखास अडते. बाई श्वास रोखून धरते. नेमक्या त्या वेळी बांगडीवालीनं बोलत राहायचं, काहीही बोलायचं, आणि बाईचं लक्ष दुसरीकडे गेलं की हात दाबून बांगडी अलगद पुढे सरकवायची. थांबलात तर हात कडक होतो आणि काच तडकते. हे मला माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. माझ्या मुलीसाठी मला हे विसरावं लागलं.

चंद्रपूरच्या आमच्या दुकानात अजूनही अधूनमधून एखादी आई लेकराला कडेवर घेऊन येते. बांगड्या बघितल्यासारखं करते, पण घेत नाही. मग हळूच विचारते, "तुमची सना म्हणे आधी बोलत नव्हती?" मी तशी बडबडी बाई आहे, पण ही गोष्ट तोंडी सांगताना माझी गाडी दरवेळी एकाच ठिकाणी अडते आणि डोळे पुसण्यात वेळ जातो. म्हणून लिहून ठेवते. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. माझ्या घरात काय घडलं तेवढं मला ठाऊक आहे.

माझा हात

आमचं घर परकोटाच्या, म्हणजे शहराच्या तटबंदीच्या आत, जुन्या वस्तीत. पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, मागे आम्ही. दुकान अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी चालवायचो. घुग्घुसच्या आठवडी बाजारालाही पेट्या घेऊन बसायचो. तिथे खाणींमुळे दर तासाला बांगड्यांवरची कोळशाची धूळ पुसावी लागे. सनाचे अब्बा घुग्घुसकडेच एका सिमेंट कारखान्यात फिटर होते, मोटरसायकलवर शिफ्टला जायचे.

सना वर्षाची झाली आणि चालायला लागली. कशासाठी रडणं नाही, हट्ट नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "किती शायनी पोट्टी हाय वो." शहाणी लेक म्हणून मीही मिरवायचे. दोन वर्षांची झाली तरी ती एक शब्द बोलली नव्हती आणि हाक मारली तर वळत नव्हती, तेव्हा मिरवणं बंद झालं.

तिला भूक लागली की ती माझं मनगट धरायची आणि माझा हात बिस्किटांच्या डब्यावर नेऊन ठेवायची. डबा उघडला की हात सोडून द्यायची. वर बघायची नाही. तिला माझा हात लागायचा, मी लागत नव्हते. पापा घेतला की गाल पुसायची. डोक्यावरून हात फिरवला की अंग चोरून घ्यायची. दिवसभर परक्या बायकांचे हात हातात घेणारी बाई मी, आणि माझ्या पोटच्या मुलीला माझा हात सहन होत नव्हता.

मी तेव्हा अल्लाकडे फार काही मागत नव्हते. शाळा, लग्न, काही नाही. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे बघून माझ्याकडे काहीतरी मागावं, एवढंच हवं होतं.

तीन बांगड्या

गावातल्या कानाच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे घंटी वाजवली, टाळ्या वाजवल्या. सना पंख्याकडे बघत राहिली. ते म्हणाले, ऐकायला कमी येत असावं, नागपूरला मोठी तपासणी करून घ्या, मग मशीन लावू. नागपूरची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

सनाच्या अब्बांना उलट बरंच वाटलं. "मशीन हाय ना? मंग काऊन रडून राह्यली तू? मशीन हाय म्हणजे होते ठीक." फिटर माणूस. ज्याला मशीन आहे त्याला इलाज आहे, हा त्यांचा हिशेब.

त्याच आठवड्यात दुकानात नवा माल आला. बांगड्या पेंढ्यात बांधून येतात. मांडण्याआधी एकेक वाजवून बघावी लागते. अख्खी बांगडी खणखणते, तडा गेलेली बद्द वाजते. तडा केसाएवढा असतो, उजेडात धरल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही, पण हातात भरताना तीच बांगडी दगा देते. अम्मी हे काम दुपारी गिऱ्हाईक नसताना करायच्या. सना पेंढ्यात बसून होती. तिनं एक बांगडी उचलली, फरशीवर हलकेच टेकवली, खाली ठेवली. दुसरी उचलली. असं बराच वेळ चाललं होतं. मी भाजी चिरत होते, माझं लक्ष नव्हतं.

"शाहीन, इकडं ये."

अम्मींचा आवाज ऐकून मी हातातली भाजी तशीच टाकून गेले. सनासमोर बांगड्यांचा ढीग होता आणि बाजूला तीन बांगड्या वेगळ्या ठेवलेल्या. अम्मींनी त्या तिन्ही उजेडात धरल्या. तिन्हींत तडा. मग त्यांनी त्या पुन्हा ढिगात मिसळल्या, ढीग ढवळला आणि बसून राहिल्या. सनानं पुन्हा एकेक वाजवली. त्याच तीन बाजूला काढल्या.

"चाळीस वर्षं झाले मले ह्या धंद्यात," अम्मी म्हणाल्या. "मले दोनदा वाजवा लागते. हे पोट्टी बहिरी नाई. हिचे कान माह्याहून तेज हायेत."

अडीच वर्षांचं लेकरू, ज्याला आम्ही बहिरं ठरवलं होतं, ते काचेतला तडा ऐकत होतं. आणि मग दुसरा विचार आला. काचेतला तडा ऐकते, तर माझी हाक का ऐकत नाही?

नागपूर

सनाच्या अब्बांना सुट्टी मिळाली नाही, की त्यांनी घेतली नाही, ते मी आजवर विचारलेलं नाही. अम्मी आणि मी सकाळच्या एसटीनं निघालो. अम्मींनी बांगड्यांची एक पेटी मांडीवर घेतली होती. मी म्हटलं, अम्मी, दवाखान्यात बांगड्या कशाला? त्या म्हणाल्या, "डाक्टरले दाखवाच्या हायेत."

कानाची तपासणी झाली. कान उत्तम. तिथून आम्हाला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी सनाला टेबलावर बसवलं नाही. खोलीत तसंच फिरू दिलं. ती काय करते, कुणाकडे बघते, कुणाकडे बघत नाही, हे तासभर टिपत राहिल्या. मला किती प्रश्न विचारले त्याची गणती नाही. शेवटी अम्मींनी पेटी उघडली. डॉक्टरीणबाई साडी सावरून फरशीवर बसल्या आणि सना बांगड्या निवडते ते बघत राहिल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

मग त्यांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. कागदावर 'स्वमग्नता' असं मराठीतही लिहून दिलं. म्हणाल्या, "तिला ऐकू येतं, तुमच्या-आमच्यापेक्षा जास्तच येतं. पण आवाजांच्या गर्दीतून माणसाचा आवाज वेगळा काढणं आणि तो आपल्यासाठी आहे हे समजणं तिला जड जातं. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

"बरी होईल?" मी विचारलं.

"हा ताप नाही, उतरायला. ती अशी आहे. पण ती शिकेल. किती शिकेल ते आज मला सांगता येणार नाही. तुम्ही लवकर आलात, हे चांगलं झालं."

खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते. मला वाटलं, बहिरी असती तर बरं झालं असतं. बहिऱ्याला मशीन तरी मिळतं. असा विचार तुमच्याही मनात आला असेल तर स्वतःला फार बोल लावू नका. तो विचार येतो, आणि जातोही.

घरी आल्यावर सनाच्या अब्बांनी कागद दोनदा वाचला. "एवढं आयकते, अन् मशीन नाई?" एवढंच म्हणाले. मग अंगणात जाऊन मोटरसायकलचा प्लग काढून घासत बसले. पुढचे कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. नातेवाइकांनी दर्गा सांगितला, ताईत सांगितला. मी दोन्ही केलं. लाजायचं काय त्यात?

तुम्ही फार बोलता

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला थेरपीवाल्या मॅडमकडे पाठवलं. महिन्यातून एकदा नागपूर, बाकी सगळं घरी करायचं. मॅडमची खोली लहान होती, खाली चटई आणि भिंतीला आरसा. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी खेळता तसं तिच्याशी खेळा." मी खेळले. माझ्या परीनं फारच छान खेळले. सना हे बघ, सना ते बघ, माझी सोन्याची सना, मला दे, दे ना गं, कोणता रंग, लाल ना, लाल.

वीस मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही किती बोलता."

मला राग आला. बोलणं हे माझं पोट आहे. मी बोलते म्हणून बायकांना बांगडी टोचत नाही. तसं मी त्यांना सांगितलंही, जरा तोऱ्यातच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे समोरच्या बाईचं लक्ष हातावरून उडावं म्हणून तुम्ही बोलता?"

"हो."

"सनाचं लक्ष तर आधीच उडालेलं आहे. आपल्याला ते आणायचं आहे."

दोन वर्षं मी माझ्या मुलीशी गिऱ्हाइकाशी वागावं तसं वागत होते. ती काही मागायच्या आत तिच्या पुढ्यात ठेवत होते, आणि मधली सगळी जागा माझ्या बडबडीनं भरून टाकत होते. तिला बोलायला मी फटच ठेवली नव्हती.

मॅडमनी विचारलं, तिला सगळ्यात काय आवडतं? मी बांगड्या म्हणाले. त्यांनी विचारलं, अंगाला हात लावलेला आवडत नाही, मग बांगडी भरून घेते? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हो, घेते. हलका हात तिला नको असतो, पण बांगडी भरताना आम्ही जसा दाबून धरतो तसा धरला तर ती शांत उभी राहते. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी मला खेळ शिकवला. बांगडी हातात घ्यायची. एकच शब्द म्हणायचा, "भर." निम्मी सरकवायची आणि थांबायचं. गप्प बसून मनात दहा मोजायचे. तिनं काहीही केलं, हात हलवला, आवाज काढला, बघितलं, की लगेच "भर" म्हणून पूर्ण भरायची.

"निम्मी म्हणजे कुठे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याच हातावर बोट ठेवून दाखवलं. नेमकं हाडावर.

आठ दिवस बंद

अम्मींना हे अजिबात पटलं नाही. "हाडावर कोनी थांबते का? बांगडी वाढन." आमच्यात बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मॅडमनी प्लॅस्टिकची घ्या असं बजावलं होतं, पण सनानं ती एकदा फरशीवर टेकवून पाहिली आणि भिरकावून दिली. त्यात आवाजच नव्हता. मग मी काचेचीच घेतली, थोडी सैल.

रोज दुपारी, रोज संध्याकाळी. भर, आणि थांबायचं. दहा मोजणं किती लांब असतं ते बडबड्या बाईला विचारा. जीभ टाळूला चिकटवून बसायचे. सना पहिले काही आठवडे हाडावरची बांगडी काढून टाकायची आणि निघून जायची. कधी हात तसाच माझ्या हातात विसरून पंख्याकडे बघत बसायची.

आणि एक दिवस बांगडी वाढली. तिनं हात झटकला, मी थांबलेली होते, काच तडकली. मनगटावर एक ओरखडा उठला, दोन थेंब रक्त. सना रडलीसुद्धा नाही. तिनं तुकडे गोळा केले आणि फरशीवर जुळवून पुन्हा गोल करत बसली. रडले ते मी.

संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. सनाचे अब्बा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "बंद कर हे. लेकरू हाय का खेळनं हाय तुह्यं?" अम्मी माझ्या बाजूनं बोलतील ही आशाच नव्हती. त्यांनी बांगड्यांची ती पेटी उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली. मीही थकले होते. मला वाटलं, यांचं बरोबर असेल. खेळ बंद झाला.

आठ दिवसांनी दुपारी अम्मी दुकानात एका बाईला हिरवा चुडा भरत होत्या. लग्नघरचं काम, हात भरून बांगड्या. गोंडपिपरीकडची बाई होती, धान रोवून रोवून हात कडक झालेले. तिचं आटोपलं, ती उठली आणि तिच्या जागेवर सना जाऊन बसली. नीट, मांडी घालून. आणि तिनं अम्मींच्या मांडीवर स्वतःचा हात ठेवला. तळवा वर, बोटं जुळवलेली, गिऱ्हाईक ठेवतं तसा.

मी पडद्याआड उभी होते. माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर हात केला होता. कुणाचा हात धरून कशावर नेऊन ठेवला नव्हता, स्वतःचा हात पुढे केला होता.

अम्मींनी कितीतरी वेळ त्या हाताकडे बघितलं. मग उठून फळीवरची पेटी काढली. एक लाल बांगडी घेतली. "भर," म्हणाल्या, आणि सरकवली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा हाडावर थांबल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या मोजत होत्या की दुवा करत होत्या, ठाऊक नाही.

सनानं मान वर केली आणि अम्मींच्या डोळ्यांत बघितलं.

"भर," म्हणत अम्मींनी बांगडी भरली आणि तिचा हात स्वतःच्या कपाळाला लावला. तिनं तो ओढून घेतला नाही.

मला आनंद झाला, पण त्याखाली जळफळाटही होता, आणि तो लपवून काय करू? एवढी राबले मी, एसटीचे धक्के खाल्ले मी, आणि तिनं बघितलं ते आजीकडे. त्या दिवशी मी आतल्या खोलीत जाऊन भांडी जरा जोरातच आपटली.

लहानसहान

तेव्हापासून रोजचं दुपारचं बसणं अम्मींचं आणि संध्याकाळचं माझं. मग शिडीची एकेक पायरी चढावी तसं चाललं. पायऱ्या लहान होत्या, आणि कधी दोन उतरूनही यायचो. पावसाळ्यात ती महिनाभर कुणाकडेच बघेना, तेव्हा मी पुन्हा हातपाय गाळून बसले होते. हिवाळ्यात तिनं पहिला शब्द उच्चारला. लेकरं अम्मी म्हणतात, अब्बा म्हणतात, पाणी म्हणतात. माझी मुलगी म्हणाली, "भर." तोही अम्मींना. माझ्या हातात हात देऊनही ती भर म्हणायला लागली, पण बघायची बांगडीकडे.

ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांना सांगते, या काळात मोठ्या गोष्टींची वाट बघू नका, लहान दिसल्या की लगेच बघून घ्या. एकदा माझ्या लक्षात आलं की सनाच्या अब्बांची मोटरसायकल गल्लीत ऐकू येईनाशी झाली आहे. आधी ती आली की सना कान झाकून कोपऱ्यात शिरायची. मी दारातून डोकावून बघितलं. गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद करून हे कारखान्यातून थकून आलेले गृहस्थ ती ढकलत आणत होते. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मी विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल वाचते." त्यानंतर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पुढच्या महिन्यात नागपूरला ते बरोबर आले आणि मॅडमना त्यांनी माझ्याहून जास्त प्रश्न विचारले.

आज सना मोठी झाली आहे. मोजकं बोलते, पण सरळ बोलते. शाळा झाली, अर्धी रडत आणि अर्धी चांगली. गर्दीत तिला अजून त्रास होतो, म्हणून घुग्घुसच्या बाजारात ती येत नाही. दुकानातला माल मात्र तीच तपासते. तिनं पास केलेली बांगडी हातात वाढल्याचं आजवर कुणी सांगत आलेलं नाही. बरी झाली का असं कुणी विचारलं तर डॉक्टरीणबाईंचंच उत्तर देते, ती अशी आहे आणि ती शिकते. ती कशी शिकते, तिच्या आत काय चालतं, ते मला अजूनही कळत नाही. कधी कधी काम करता करता हात थांबतो आणि मी तिच्याकडे बघत राहते.

दहा

आता ती जागा, जिथे माझी गाडी अडते.

सना साडेतीन वर्षांची असेल. दुपारची वेळ. अम्मी दाराशी पेंढा झटकत होत्या, मी खाली बसून बांगड्या निवडत होते. सना आली आणि माझ्यासमोर बसली. मी सवयीनं तिचा हात घ्यायला माझा हात पुढे केला. तिनं तोच धरला. डब्याकडे नेण्यासाठी धरायची तसा नाही. अंगठा आत दुमडून, बोटं जुळवून, दाबून. अम्मी धरतात तसा.

तिनं ढिगातून एक हिरवी बांगडी घेतली. फरशीवर टेकवून ऐकली. माझ्या बोटांवरून सरकवली. माझ्या मापाची ती नव्हतीच, एक नंबर लहान होती. हाडावर येऊन अडली, चांगलीच रुतली.

आणि सना थांबली.

बांगडी धरून थांबली, आणि तिनं वर बघितलं. माझ्या तोंडाकडे, डोळ्यांत. तिचे डोळे तांबूस आहेत हे मला त्या दिवशी कळलं. साडेतीन वर्षं मी ते बाजूनंच बघत आले होते. तिचे ओठ किंचित हलत होते. ती मोजत नव्हती, तिला कुठे मोजता येत होतं? पण मी मोजायचे तेव्हा माझे ओठ हलायचे, ते तिनं बघून ठेवलं होतं. एवढे दिवस ती बांगडीकडे बघते असं मी समजत होते.

हाड दुखत होतं. काच कधीही तडकली असती. पण मी हात हलवला नाही. एवढी बडबडी बाई मी, आणि म्हणायचा होता एकच शब्द. मला तो शब्द म्हणायचाच नव्हता. म्हटला की ती नजर खाली वळवेल, ही भीती होती.

दाराशी पेंढ्याचा आवाज थांबला होता.

"बोल ना वो शाहीन," अम्मी हळूच म्हणाल्या. "पोट्टी वाट पाहून राह्यली."

मी म्हटलं, "भर."